टोकाला माणूस जाड दिसतो

हॉलमध्ये पाय ठेवल्या ठेवल्या धाकटीने पहिलं काम केलं ते छतावरचे सगळे दिवे बंद करण्याचं.

"अहो बाई, लग्न आहे ना? का शोकसभा?" हॉल सांभाळणारे गृहस्थ हातातला झाडू तसाच धरून धावत आले.

"लग्नच आहे. म्हणून तर बंद केले. या, इथे उभे राहा बघू."

तिने एक दिवा लावला, त्यांना बरोबर त्याच्याखाली उभं केलं आणि एक फोटो काढला. मग दिवा घालवून त्यांना खिडकीपाशी नेलं, चेहरा अर्धवट उजेडाकडे वळवायला सांगितला आणि दुसरा काढला. दोन्ही फोटो तिने त्यांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवले. पहिल्यात डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे होते आणि टकलावर उजेडाचा गोळा बसला होता. दुसऱ्यात डोळ्यांत चमक होती आणि गृहस्थ चांगले दहा वर्षांनी लहान दिसत होते.

"हा मी?"

"तुम्हीच."

"राहू द्या मग बंद," ते म्हणाले. झाडू कोपऱ्यात ठेवून त्यांनी शर्ट नीट केला. "दुसरा तेवढा मला पाठवा. बायकोला दाखवतो."

हे चाललंय तोवर जिन्यावर बूट वाजले आणि मोठे काका आत आले. नवा कोट, नवे बूट, गळ्यात टाय. आणि जिथे चाळीस वर्षं कॅमेरा लोंबला त्या छातीवर आज काहीच नाही. त्यांच्या मुलीने, म्हणजे आजच्या नवरीने, त्यांच्याकडून तसा शब्दच घेतला होता. आज कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. आज तुम्ही फोटोग्राफर नाही, नवरीचे वडील. त्यामुळे मोकळ्या हातांचं करायचं काय ते काकांना उमगत नव्हतं. दाराशी दिव्यांची बटणं दिसली तशी त्यांनी ती एका दमात खटाखट लावून टाकली.

"काका, नको ना!"

"माझ्या मुलीचं लग्न अंधारात?"

"अंधार कुठे आहे? पाच खिडक्या आहेत चांगल्या."

"खिडक्या आमच्या वेळीही होत्या. आम्ही तरी दिवे लावायचो."

"म्हणून तर तुमच्या अल्बममधल्या सगळ्या नवऱ्या रात्रभर जागल्यासारख्या दिसतात," धाकटी बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग हॉलवाल्यांकडे पाहिलं. ते कधी नव्हे एवढ्या निष्ठेने खिडकीचे पडदे सारत होते. दिवे मात्र काकांनी घालवले नाहीत. ते खुर्च्या मोजायला गेल्यावर हॉलवाल्यांनीच हळूच बटणं बंद केली.

काकांचा राग दिव्यांवर नव्हताच, हे धाकटीला पक्कं ठाऊक होतं. तो त्यांच्या स्टुडिओसमोरच्या दुकानावर होता.

नऊ वर्षांपूर्वी दोन्ही भावांचा मिळून एकच स्टुडिओ होता. काका लोकांना नीट बसवायचे, मान किती कलली पाहिजे ते बोटाने दाखवायचे. तिचे बाबा माणसाशी गप्पा मारत मारत त्याला नकळत टिपायचे. एकाचं दुसऱ्याला पटायचं नाही, पण धंदा झकास चालायचा. मग आजी गेली. आजीच्या डाव्या गालावर भाजल्याचा मोठा डाग होता, तरुणपणी स्टोव्ह भडकला होता तेव्हाचा. काकांनी तिचा फोटो मोठा करून स्टुडिओच्या भिंतीवर लावला तेव्हा त्यातला गाल एकदम गुळगुळीत होता. डाग साफ पुसलेला. बाबा त्या फोटोपुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "ही कोण बाई आहे?" त्यानंतर दोघे भाऊ जे बोलले ते घरात पुन्हा कोणी ओठांवर आणलं नाही. महिन्याभरात बाबांनी बरोबर समोरचा गाळा घेतला. तेव्हापासून दोघे आपापल्या काचेच्या दारातून रोज एकमेकांना दिसायचे आणि दोघांचे निरोप आत्या पोचवायची.

अशात ताईने आपल्या लग्नाचे फोटो काढायला कोणाला बोलवावं, तर समोरच्या दुकानातल्या चुलत बहिणीला! काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण ताई काकांचीच मुलगी. म्हणाली, "बाबा, लग्न माझं आहे. तोंड माझं आहे. ते कोणी टिपायचं हे मी ठरवणार."

---

रजिस्ट्रारपुढे सह्या करून साडेदहाला नवरानवरी हॉलवर आले. नवरदेव चांगला उंच, देखणा, गुणी मुलगा. खोट एवढीच की कॅमेरा समोर आला की त्याचा पार खांब व्हायचा. हात शरीराला चिकटलेले, छाती पुढे, आणि शटर दाबलं की नेमके डोळे मिटलेले. पहिल्या सहा फोटोंपैकी सहांत मिटलेले.

"मला लहानपणापासून असंच होतं," तो ओशाळून म्हणाला. "शाळेच्या एकाही फोटोत माझे डोळे नाहीत."

"हरकत नाही. मिटूनच घ्या."

"म्हणजे?"

"डोळे मिटा. मी तीन म्हटलं की उघडा. आत्ताच उघडलेला डोळा लगेच मिटत नाही."

तिने एक, दोन, तीन म्हटलं. त्याने डोळे उघडले. पडद्यावर पाहिलं तर आयुष्यात प्रथमच त्याला फोटोत डोळे होते, आणि बरे मोठे होते. ताई टाळ्या वाजवायला लागली.

"आता खांब मोडायचा," धाकटी म्हणाली. "भावोजी, वजन मागच्या पायावर टाका. पुढचा गुडघा सैल सोडा. हं. आता माझ्याकडे बघूच नका. ताईच्या कानात सांगा."

"काय सांगू?"

"सकाळी काय खाल्लंत ते. पण असं सांगा, जसं काही मोठं गुपित आहे."

नवरदेवाने वाकून अतिशय गंभीरपणे ताईच्या कानात काहीतरी सांगितलं. ताईने एक क्षण दम धरला आणि मग ती अशी खळखळून हसली की केसांतलं फूल घरंगळून खाली पडलं. धाकटीचा कॅमेरा थांबलाच नाही. फूल पडतानाचा, ते उचलायला दोघे एकदम वाकतानाचा, डोक्यावर डोकं आपटल्याचा, असे सगळे मिळून चौदा फोटो निघाले.

"सांग ना, काय खाल्लं म्हणाले?" तिने नंतर विचारलं.

"काहीच नाही! भीतीने घशाखाली घास उतरला नाही म्हणे."

उजेड ताईच्या एकाच गालावर पडत होता, दुसरी बाजू काळवंडत होती. धाकटीने इकडेतिकडे पाहिलं आणि हॉलवाल्यांना हाक मारली. त्यांनी टेबलावरची पांढरीशुभ्र चादर ओढली आणि दोन्ही हात पसरून ताईच्या सावलीच्या बाजूला उभे राहिले. चादरीवरून परतलेला उजेड ताईच्या गालावर अलगद पसरला.

"थोडी वर," पाठीमागून आवाज आला. "वर. आणि जवळ. हां."

मोठे काका. हात पाठीमागे घट्ट बांधलेले. कधीपासून उभे होते कोण जाणे.

"माझ्याकडे थर्माकोलचा तुकडा असतो त्यासाठी," ते म्हणाले. "पण चादर बरी आहे. घडी करून नेता येते." आणि जास्त बोललो असं वाटून ते तिथून निघून गेले.

---

अकराला बाबा आले. काळा स्वेटर, डोक्यावर नेहमीची टोपी, आणि पोट आत ओढून चालण्याची नेहमीची धडपड. त्यांनी ताईला जवळ घेतलं, नवरदेवाची पाठ थोपटली आणि सरळ सगळ्यात लांबच्या खांबापाशी जाऊन उभे राहिले. काका दुसऱ्या टोकाच्या खांबापाशी. मधे तेवीस माणसं आणि आत्या.

आत्या त्या दोघांची बहीण, घरात कोणालाही न घाबरणारी. धाकटीने फोटोंची यादी तिच्याच हातात दिली होती.

"आधी सगळ्यात मोठा ग्रुप," धाकटीने तिला बजावलं. "मग एकेक कमी करत यायचं. म्हाताऱ्यांना आणि लहान मुलांना आधी सोडायचं, नाहीतर ते कंटाळतात आणि फोटोत कंटाळाच येतो."

"मला शिकवू नकोस. चला रे सगळे!" आत्याचा आवाज असा की शेजारच्या इमारतीतलं कोणी आलं असतं तरी नवल नव्हतं.

लोक आपसूकच शाळेसारखे रांगेत उभे राहिले. धाकटीने रांग मोडली. दोन उंच माणसांना खुर्च्यांवर बसवलं, तीन बायकांना खुर्च्यांच्या हातांवर टेकवलं, लहान मुलांना पुढे जमिनीवर सोडलं. एकाचं डोकं दुसऱ्याच्या डोक्याच्या सरळ रेषेत येऊ दिलं नाही. आत्याच्या चष्म्यात पाचही खिडक्या चमकत होत्या, म्हणून चष्म्याच्या काड्या कानांवर केसभर उचलून दिल्या. चमक गेली. मग सगळ्यांचे चेहरे दिसावेत म्हणून ती स्वतः स्टुलावर चढली.

भिंगातून पाहिलं तर चित्र छान होतं, फक्त दोन्ही कडांना दोन खांब दिल्यासारखे दोन भाऊ उभे होते. डावीकडे काका, उजवीकडे बाबा. दोघांनी एकमेकांकडे पाठच केल्यासारखी.

"बाबा, जरा मधे या."

"इथेच बरा आहे."

"काका, तुम्ही तरी. नवरीचे वडील तुम्ही. ताईच्या मागे या."

"मला इथून सगळं दिसतं."

ताईने मान वळवून धाकटीकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, पण त्या नजरेत सकाळपासूनची एकच मागणी होती. सकाळी फोनवर ती म्हणाली होती, "मला बाकी काही नको गं. दोघे एका फोटोत, शेजारी शेजारी. एवढाच फोटो हवा."

धाकटीने स्टुलावरून सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं, "तुमची मर्जी. पण हॉल लहान आहे म्हणून मी रुंद भिंग लावलंय. या भिंगात टोकाच्या माणसाचं काय होतं ते तुम्हा दोघांना मी सांगायला नको."

काय होतं ते दोघांना माहीत होतं. रुंद भिंगात कडेचा माणूस आडवा ताणला जातो आणि होता त्यापेक्षा दीडपट जाड दिसतो.

बाबांनी पोट आत ओढलं. काकांनी कोटाचं बटण चाचपलं. मग दोघेही, कोणीतरी ढकलल्यासारखे, एकेक पाऊल आत सरकले. अजून एक. आत्या मधल्या लोकांना कोपराने ढोसत जागा करत होती. शेवटी ताईच्या मागे दोघांच्या मधे जेमतेम वीतभर अंतर उरलं आणि त्या वितीकडे दोघे सोडून सगळं घर बघत होतं.

"चेहरे फार ताठ झालेत," धाकटी म्हणाली. तिने कोपरं छातीशी घट्ट धरली. "हसा म्हटलं की नुसते दात दिसतात, म्हणून मी हसा म्हणणार नाही. प्रत्येकाने शेजारच्याला एक गोष्ट सांगा. आजवर न सांगितलेली. मोठ्याने नको. सुरू करा."

एकच गलका झाला. एक मावशी दुसरीला म्हणाली, तुझी ती साखरेची बरणी मीच फोडली होती. नवरदेवाचा भाऊ कोणाच्या तरी कानात काही बोलला आणि त्याने पाठीत रट्टा खाल्ला. धाकटी शटर दाबत राहिली, पण तिचं भिंग पुन्हा पुन्हा ताईच्या मागे जात होतं. दोघे समोर बघत मूग गिळून उभे होते.

मग काकांचे ओठ हलले. मान न वळवता, अगदी जेवढ्यास तेवढे. काय बोलले ते तिला ऐकू आलं नाही. पण बाबांचा चेहरा तिने भिंगातून बदलताना पाहिला.

"काय म्हणालास?" बाबा एवढ्या मोठ्याने ओरडले की हॉल चिडीचूप झाला.

"तो डाग मी माझ्या मनाने काढला नव्हता," काका म्हणाले. आता सगळ्यांनाच ऐकू येत होतं. "आईने सांगितलं होतं. शेवटच्या आजारात. म्हणाली, एकदा तरी मला डागाशिवाय बघायचंय, भिंतीवर तसलाच लाव. आणि कोणाला सांगू नकोस, म्हातारपणी नखरे करते म्हणतील."

"आणि तू नऊ वर्षं तोंड शिवून बसलास?"

"तू विचारलंस कुठे? तू तर सरळ समोर पाटी लावलीस!"

"मी लहान असताना त्या डागावर बोट फिरवत झोपायचो, दादा." बाबांचा आवाज चिरकला. "तू आपल्याच मनाने पुसलास असं वाटलं मला."

"माहीत आहे. तिलाही माहीत होतं." काकांनी टाय सैल केला. "म्हणून तिने दुसरा काढून घेतला होता. जसाच्या तसा, डागासकट. म्हणाली, हा धाकट्या लेकाला दे. मी... तू त्या दिवशी मला जे बोललास ना, त्यानंतर मी तो कपाटात टाकला. चूक माझी आहे. रोज वाटायचं रस्ता ओलांडावा. रोज दुकान उघडताना वाटायचं."

बाबा रांग सोडून निघाले. कोणाला काही कळायच्या आत ते खिडकीपाशी जाऊन, सगळ्यांकडे पाठ करून उभे राहिले. ताईने ओठ चावला. धाकटी स्टुलावर तशीच उभी. हा सगळा घाट आपणच घातला आणि आता लग्नावर विरजण पडणार, असं तिला वाटलं.

"ए!" आत्या कडाडली. "मलासुद्धा सांगितलं नाहीस होय रे दादा? तुझ्याकडे मी नंतर बघते. आणि तू, खिडकीतला! सव्वीस माणसं एका पायावर उभी आहेत. नवऱ्याकडच्या काकांचा गुडघा दुखतोय. रडायचं तर इथे येऊन रड, फोटो खोळंबलाय!"

बाबांच्या पाठीला एक हिसका बसला. मग दुसरा. ते हसत होते. बाहीने डोळे पुसत ते परत आले, आपल्या जागेवर उभे राहिले आणि काकांकडे न बघताच म्हणाले, "हनुवटी जरा पुढे काढ. गळ्याखाली दोन वळ्या दिसतायत तुझ्या."

"आणि तुझ्या स्वेटरमधलं काय दिसतंय ते बघ आधी," काका म्हणाले.

"डोळे मिटा सगळ्यांनी!" धाकटीने हाक दिली. तिच्या स्वतःच्या डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं होतं, पण भिंग स्वच्छ होतं. "एक. दोन. तीन!"

सव्वीस जोड डोळे उघडले. नवरदेवाचेसुद्धा. एकही मिटलेला नाही.

"झालं!" ती म्हणाली, आणि झालं म्हटल्यावर माणसं जशी सैल पडतात तशी ती पडली, कोणी मागे वळलं, कोणी मुलाला उचललं, आणि काकांनी वीतभर अंतर ओलांडून भावाच्या खांद्यावर हात टाकला. आत्या दोघांच्या मधे घुसून दोघांच्या दंडांना चिमटे काढत होती. धाकटीने बोट शटरवरून उचललंच नव्हतं.

---

पाच वाजता ताई आणि नवरदेव गेले. साडेपाचला धाकटी बाबांच्या स्टुडिओत फोटो संगणकावर उतरवत बसली होती आणि बाबा तिच्या पाठीमागे येरझारा घालत होते. दर दोन मिनिटांनी त्यांची नजर काचेच्या दाराबाहेर जात होती.

समोरच्या स्टुडिओचं दार उघडलं. काका बाहेर आले. कोट काढलेला, हातात एक मोठं तपकिरी पाकीट. त्यांनी दोन्हीकडे बघितलं, एका सायकलला जाऊ दिलं आणि रस्ता ओलांडला. बावीस पावलं. धाकटीने मोजली.

त्यांनी पाकीट बाबांच्या हातात दिलं. बाबांनी पाकिटातून फोटो काढला आणि टेबलावरच्या उजेडात धरला. आजी थेट समोर बघत होती, डावा गाल पुढे करून, हट्टाने पुढे करून. डागाची प्रत्येक सुरकुती दिसत होती. ओठांवर हसू नव्हतं, पण ते फुटायला आलं होतं.

बाबांनी डागावर अंगठा ठेवला. बराच वेळ.

"उजेड छान घेतलायस, दादा," शेवटी ते म्हणाले.

"मग? तुला काय वाटलं, तुलाच येतो?" काकांनी नाक शिंकरलं आणि खुर्ची ओढून संगणकासमोर बसले. "दाखव गं पोरी, काय काय काढलंस ते."

ते फोटो बघायला लागले, आणि बघायला लागले म्हणजे खुसपटं काढायला लागले. इथे खुर्ची आली. इथे बाईचं कोपर कापलं. बाबा प्रत्येक फोटोची बाजू घेऊन भांडत होते. फूल पडतानाच्या फोटोवर मात्र काका थांबले. आपली मुलगी एवढी हसू शकते हे त्यांना ठाऊक नसावं, असे ते त्याच्याकडे बघत राहिले.

"मी तिला सरळ बसवलं असतं," ते हळूच म्हणाले. "हसणं थांबेपर्यंत वाट बघितली असती."

काकांनी घसा खाकरला आणि धाकटीकडे वळले.

"उद्या माझ्याकडे एक कुटुंब येतंय. आई, बाप, तीन लहान मुलं. सगळ्यात मोठं पाच वर्षांचं. मागच्या वेळी एकही बसलं नाही, एक तर पडद्यामागे जाऊन झोपलं. तू येतेस का?"

"तिला काय विचारतोस?" बाबा म्हणाले. "मुलांना तू उभा राहून हुकूम सोडतोस, म्हणून ती पळतात. खाली बसावं लागतं त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर. तिची उद्या दुसरी कामं आहेत. मी येतो."

"तुझे गुडघे?"

"माझे गुडघे मी बघीन."

काकांनी थोडा वेळ विचार केल्याचं दाखवलं. मग ते उठले आणि दाराकडे गेले.

"दहाला ये," ते म्हणाले. "आणि स्वेटर बदलून ये."